इतर

रात्रपाळी घरूनच असते आता.
तुर्भे स्टोअरची खोली, मोरीशेजारी टेबल,
टेबलावर मंगळ.
एका फोटोला सव्वा रुपया.
दगडावर काही वेगळं दिसलं की चौकट आखायची,
नाव द्यायचं:
भेग, शीर, सावली, धूळ.
काहीच जुळलं नाही तर इतर.

कालच्या ढिगात एक चमचा होता,
एक कान,
एक मोडी अक्षर, शेपूट खाली ओढलेलं.
मी नियमाप्रमाणे सगळ्यांना सावली केलं.
डोळा फसतो, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
चमचा कुणाला दिसतो आणि कान कुणाला,
ते शिकवत नाहीत.

अण्णा खोकत उठले, पाणी प्यायले,
माझ्या मागे उभे राहिले.
तिपण्णा धोत्रे. पावण्याच्या खाणीत बत्तीस वर्षं.
डाव्या हाताला तीन बोटं.
चष्मा न शोधताच म्हणाले,
"काळाच आहे की. वरनं लाल माती बसलीय."
मग पांढऱ्या रेघेवर नख ठेवलं:
"इथनं पाणी गेलंय. हळू गेलंय.
घाईतलं पाणी मागं काही ठेवत नाही."

मी शीर लिहिलं.
पाण्याला रकाना नव्हता.

पुढच्या फोटोवर त्यांचं नख थांबलं.
सपाट दगड, मधोमध भोक,
वाटोळं, काठाला पिठासारखा भुगा.
"हे कुणी मारलं?"
यंत्र आहे तिथं, अण्णा. माणसांनीच पाठवलेलं.
"ते कळलं. सरळ उतरलंय.
दारू किती भरली?"

दारू नाही भरत.
नुसतं भोक पाडतात,
भुगा चाखून बघतात, दगड कसला आहे ते.

खिडकीबाहेर डोंगराची कापलेली बाजू.
टॉवरच्या दिव्यांत उभ्या, अर्ध्या नळ्या दिसतात तिच्यावर,
वरून खाली, एकीशेजारी एक.
त्यातल्या काही अण्णांच्या.
अकराव्या मजल्यावरून बघणाऱ्यांना
त्या कशाच्या वाटत असतील कुणास ठाऊक.

"भोक पाडलं," अण्णा म्हणाले,
"आणि कुणी पळालं नाही."

मग जाऊन पडले, भिंतीकडे तोंड करून.

नियम सांगतो, यंत्राच्या खुणा वगळाव्यात.
मी चौकट आखली.
इतर.
स्क्रीनवर लगेच एक रिकामी ओळ उघडली: कारण लिहा.
मागे खोकला पुन्हा सुरू झाला होता.