बत्तीस टक्के

दाव्यात माझं वय सदतीस लिहिलंय,
म्हणून माझा गुणक पंधरा.
खैरनार मॅडमनी टेबलाच्या काचेखालचा तक्ता दाखवला,
डावीकडे वय, उजवीकडे गुणक.
वय वाढत गेलं की गुणक उतरत जातो.
मी सर्वात खालची ओळ बघायचं टाळलं.

पगार अठरा हजार चारशे,
गुणिले बारा, गुणिले पंधरा,
त्याचे बत्तीस टक्के.
बत्तीस सिव्हिलच्या बोर्डानं ठरवले.
मनगट वर करा. खाली करा. मूठ आवळा.
बास, पुढचा.
अंबडला लेथवर शतांश मिलिमीटरचा फरक
मायक्रोमीटर लावायच्या आधी माझ्या बोटाला कळायचा,
त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

मॅडम म्हणाल्या, दाखल्यावर असू देत बत्तीस,
टर्नरचं उजवं मनगट म्हणजे अख्खा टर्नर.
आपण शंभर मागू.
मागायला काय जातं, असं मी घरी म्हणालो,
आणि योगिता धुतलेली गाळणी पुन्हा धूत राहिली.

पंचनाम्यात आहे : रस्त्यावर रक्ताचे डाग,
अंदाजे चार फूट बाय सहा.
पाथर्डी फाटा, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं.
एवढं रक्त माणसात नसतं हो.
निम्मे डाग टोमॅटोचे होते,
पिकअपचे क्रेट आधी माझ्यावर, मग डांबरावर फुटले.
पण पंचांच्या सह्या झाल्या.
आता कायद्यानं ते सगळं लाल माझं आहे.

विमा कंपनीचे वकील फार सभ्य.
हेल्मेट होतं?
होतं.
पट्टा लावलेला होता?
साहेब, मार मनगटाला लागलाय.
विचारलं तेवढंच सांगा.
टायपिस्टनं तेवढंच घेतलं.

तीन वर्षांनी लोकअदालत.
आज मिटवलं तर सात लाख, दीड महिन्यात चेक.
लढलं तर साडेदहा, कदाचित जास्त,
कदाचित हायकोर्ट, आणि तोवर पोरगी बारावीत.
विचार करा, म्हणाले,
आणि विचार करायला वीस मिनिटं दिली.

जिन्यात सामनेवाला क्रमांक एक बसला होता.
उखा ठोके, राहणार सटाणा.
क्रमांक दोन म्हणजे गाडीमालक, तो कधीच आला नाही,
क्रमांक तीन कंपनी, तिला तोंड नाही,
म्हणून तीन वर्षं मी एकट्या उखावर डोळे वटारत आलो.
माझ्याकडनं पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना.
त्यानं हात पुढं केला, उघडून दिलं,
आणि झाकण कुठं ठेवावं कळेना म्हणून मुठीतच धरलं.
थंडीत ठणकतं का?
ठणकतं.
मग बराच वेळ खालची स्कूटरची रांग बघत म्हणाला,
त्या दिवशी मालकाची तिसरी खेप होती.
पहाटे चारपासून.
मी म्हणालो, हे कोर्टात का नाही सांगितलं?
म्हणाला, विचारलंच नाही कुणी.

मॅडमना सांगितलं असतं तर
आकड्याला काही फरक पडला असता का, ठाऊक नाही.
योगिता वर आली, माझ्याकडे बघितलं, उखाकडे बघितलं,
आणि म्हणाली, चला, नंबर पुकारला.

सही करा.
केली, डाव्या हातानं. ती बँकेतल्या सहीशी जुळेना.
उजव्या हाताची सही आता फक्त बँकेकडे आहे,
माझ्याकडे नाही.
मग अंगठा द्या, क्लार्क म्हणाला.
मी सवयीनं पट्टीतला हात उचलला.
तो नको, पुरुषांचा डावाच घेतात.

तेवढं एक बरं झालं.
शाई लावली, टेकवला, उचलला.
बाहेर येईपर्यंत अंगठा तर्जनीवर घासत होतो,
शाईचा थर वाळत चाललेला.
दोन शतांश असेल.
फार तर अडीच.