रचना, दुसरं वर्ष

अट एकच: तीन मिनिटं, संगीत नाही.
ऑफेलिया बाईंनी माझी वही चाळली,
पानभर बाण, वर्तुळं, पावलांच्या खुणा,
आणि म्हणाल्या, "शेवटापासून खोडत ये.
दुखायला लागलं की थांब."

खोडत गेले.
नाउएलची उडी गेली,
जिच्यासाठी तो दोन आठवडे आपटत होता.
माकारेनाची गिरकी गेली; तिनं अबोला धरला.
उरलं काय, तर चार माणसं, एक भिंत
आणि चालणं.
तेही धड जमेना.
"चाल" म्हटलं की माणूस चालायचं विसरतो.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर आमचा हॉल.
खालून गॅसवाला टाक्यांवर पाना आपटत जायचा,
त्याच्या ठेक्यावर आम्ही चोरून मोजायचो.

गुरुवारी जमीन हलली.
फार नाही, इथं चालायचंच.
पळालं कुणी नाही.
एलिसेओचा हात हवेत तसाच राहिला,
चौघांनी एकदम वर पाहिलं
झुलणाऱ्या दिव्याकडे,
तो थांबेपर्यंत.

तेवढं मी ठेवलं.
बाकीचं त्याच्याभोवती पुन्हा बसवलं.

परीक्षेत बाई पुढं वाकून बघत होत्या.
नंतर विचारलं, "ते वर पाहणं कुणी बसवलं?"
मी म्हटलं, मी.
खोटं नव्हतं:
रोज चाळीस वेळा करून घेत होते,
न हलणाऱ्या दिव्याकडे असं पाहा
की तो हलतोय.

नाउएलला अजून पटत नाही.
तो जरा उशिरा पाहतो.
तेही ठेवलंय.