नाथसागराच्या काठी

मी येणारच नव्हतो.
पण ऑफिसातल्या मिसाळने तंबू भाड्याने आणलेला
आणि माझ्या नावाचे साडेचारशे भरूनही टाकलेले.

बीच म्हणे! जालन्याहून दोन तासांवर
मातकट पाणी, गाळात रुतलेली बाभळीची खोडं,
पलीकडच्या काठाचा पत्ता नाही,
एवढंच काय ते समुद्रासारखं.

रात्री वाऱ्याने खुंटी उपटली.
बाकीचे घोरत होते.
मी अर्धा तंबू छातीशी धरून
मिसाळच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो.

जाळं टाकून परतणारा एक म्हातारा थांबला.
बॅटरी माझ्या तोंडावर मारली नाही त्याने,
स्वतःच्या पायांवर धरली,
आधी आपण दिसावं म्हणून.
"काहून जागे?"
उत्तराची वाट न बघता
दोन धोंडे आणून कापडावर ठेवले, गेला.
लिंबाजी, हे नाव सकाळी चहावाल्याकडून कळलं.

सोमवारी लाइट गेली.
जिन्यात वरच्या शेख काकू
भिंत चाचपडत उतरत होत्या.
मोबाइल त्यांच्या तोंडाकडे गेलाच होता,
तो खाली वळवला,
पायरीवर.

पाठ अजून दुखते.
मिसाळशी मी अजून बोललेलो नाही.