चार खुणांची बाटली

पंपावरच्या पोराने बाटली हातात दिली
आणि घरी आल्यावर हात सवयीने कात्रीकडे गेला.
कागदाची पट्टी, कडेला दाते पाडलेली,
लेबलाच्या उलट्या बाजूला चिकटवली.
चार खुणा. दर टाकीला एक.
वालावलकर डॉक्टरांकडे एकतीस वर्षं
हेच तर केलं.
खळ मी अजून घरीच शिजवतो.

गाडी शहाण्णवची मारुती, एकेकाळी पांढरी.
खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा कुरतडलेल्या,
एअर फिल्टर कधी बदलला, आठवत नाही.
ऑइल काळं दिसतंय म्हणजे ऑइल आहे,
एवढं बघायचं, बॉनेट लावून टाकायचं.
मोचेमाडच्या घाटीत ती मध्येच थांबायची
आणि मागचा मासळीचा टेम्पो
हॉर्न न वाजवता वाट बघायचा.
ते जास्त लागायचं.

"घाला काका, आतनं सगळं साफ."
तीनशे चाळीस रुपये.
कुणापुढे बॉनेट उघडायला नको,
कुणाचं ऐकून घ्यायला नको.

पहिल्या डोसाला घाटी चढली.
शपथ, तिसऱ्या गियरला चढली.
शिरोड्याच्या बाजाराला मी उगाच दोन फेऱ्या मारल्या,
तिरफळं घेतली, घरात असताना.
बायकोला म्हटलं, आवाज ऐक इंजिनाचा.
ती म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय.
औषधाचा असेल, मी म्हटलं.

दुसऱ्या डोसानंतर सकाळी
अंगणातल्या चिऱ्यावर ओला काळपट डाग,
आणि त्याच्या मधोमध
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
टप्.

इनास मेस्त्री गाडीखाली शिरला.
नुसते पाय बाहेर,
एकात निळी स्लिपर, दुसरा अनवाणी.
मग एक हात आला, तळव्यावर गंजाचे पापुद्रे
आणि काकवीसारखी चिकट कीट.
"काय घातलास हेच्यात?"
बाटली दाखवली.
पट्टी बघून हसला, हसताना खोकला.
"कंपाउंडरानूं, टाकयेक भोक लय वर्सांचा.
ही कीट थंय बसली होती म्हणान टाकी होती.
तुमी कीट धुतलास."

दर सोमवारी यायची आनशी केळुस्कर,
खाडीपलीकडून, पहिल्या तरीने.
"तांबडा औषध दी," म्हणायची,
"तेनाच माका बरा वाटता."
साखर, पाणी, रंग, थोडं लोह.
नखं तिची कागदासारखी पांढरी.
मी बघितली होती.
डॉक्टर घाईत असायचे, बाकावर रांग असायची,
मी बाटली भरायचो, पट्टी लावायचो,
आणि तिला खरंच बरं वाटायचं.
एका सोमवारी ती आली नाही.
त्या दिवशी मी रांग लवकर संपली
म्हणून खूश होतो.

इनासने कपड्यांचा साबण मागितला.
बायकोने हातातलीच वडी दिली, अर्धी झिजलेली.
भोकावर घासला, अंगठ्याने दाबून धरला,
तेवढ्यात खालूनच म्हणाला,
"वेंगुर्ल्यापर्यंत जाशात.
परत येशात काय, ता माका इचारू नको."
टाकी नवी टाकायला किती, ते मी विचारलं.
त्याने सांगितलं.
फिल्टर, प्लग, नळ्या, ते पण विचारलं.
त्याला जरा नवल वाटलं असावं,
पुरा बाहेर आला, दुसरी स्लिपर शोधू लागला.

बाटलीत दोन खुणा उरल्यात.
पंपावर परत घेणार नाहीत.
फोडलेलं औषध परत घेत नाहीत,
काउंटरपलीकडून मीच सांगायचो लोकांना,
वर न बघता.

बायको अंगण धुतेय.
पेट्रोल चिऱ्यात मुरतं, ती म्हणते, जात नाही.
तरी घासतेय,
साबणाची उरलेली चकती
बोटांत धरून.