दुपट्टा

मशीन गेलं व्होल्टेजमध्ये,
सिलिंडर आज सकाळी.
मनीषनगरात मे महिन्याची दुपार;
निम्मं काम गच्चीवरच्या टाकीनंच केलेलं,
उरलेलं इस्त्रीकडून करून घेतलं :
दोन विटांत उलटी बसवली, वर स्टीलचा डबा.
पाणी बोलायला फार वेळ लावत होतं.

आता गाळायचं कशानं?
चहाच्या गाळणीतून भुकटी सरळ पळते.
उन्हात तोंडाला बांधते तो दुपट्टा
धुऊन खुंटीला होता.

रेवतकर काकू दारातूनच,
"हे काय करून राहिली वो तू?"
मग अर्धा कप घेऊन गेल्या,
साखर कमी म्हणाल्या.

डाग काही गेला नाही.
दुसऱ्या दिवशी छत्रपती चौकात, लाल सिग्नल,
सेहेचाळीस अंश,
आणि नाकावर घट्ट बांधलेली
कालची कॉफी.