इतर शेरा

नगरपालिकेनं चाळीस फॉर्म दिले आणि एक पेन.
तिबिलिसीचं हे टोक, इमारत क्रमांक चौदा,
सोळा मजले, एक लिफ्ट,
लिफ्टमध्ये नाणं टाकायचा डबा.
चढायला दहा तेत्री, उतरायला फुकट.

प्रश्न पहिला : ही इमारत पाहून आपल्याला काय वाटतं?
एक ते पाचमध्ये सांगा.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, पाहून?
आम्ही आत राहतो.
पाहतात ते समोरच्या इमारतीतले.
त्यांना विचारा. आम्ही त्यांची सांगू.

माझी नाणी सहाव्या फॉर्मलाच संपली.
मग जिना.
खांद्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना,
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर
कठड्याचं लाकूड वीतभर गुळगुळीत, मधाच्या रंगाचं.
एवढंच. त्याच्या वर खडबडीत, खाली खडबडीत.
दम खायला मी तिथेच टेकले,
तर एक बाई आली, बटाट्याची पिशवी उजव्या हातात,
कठड्याला कोपर लावलं, श्वास घेतला,
पिशवी डाव्या हातात.
मागून एक पोरगी, दप्तर. तेच.
ज्यानं कागदावर हा जिना काढला
त्यानं तिथे फक्त एक बाण काढला असेल, वर जाणारा.

नववा मजला. लमारा क्वेर्नाद्झे.
दार उघडलं ते पिठाच्या हातांनी
आणि थेट मागच्या खोलीत नेलं.
नकाशात ही खोली नाही.
नकाशात इथे हवा आहे.
ब्याण्णव साली नवऱ्यानं भंगारातल्या ट्रॉलीबसचे गज आणले,
सज्जाला जोडले, गजांवर फळ्या,
फळ्यांवर लिनोलियम, त्यावर लेकीचा पलंग.
"खालून बघशील तर वाटेल, इमारतीला आवाळू आलंय.
आतून बघ."
आतून टोमॅटोची रोपं होती, काचेला नाक लावून,
आणि पलीकडे डोंगर.
मी पाऊल टाकलं. पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या.
"भीती नाही वाटली?"
"महिनाभर रात्री या चौकटीत बसून राहायचे.
लेक तिथे झोपलेली. मग जमिनीला सवय झाली."
जमिनीला, म्हणाली ती. मी तसंच लिहून घेतलं.
सुरक्षित वाटतं का, एक ते पाच?
पाच.
मी गोल करणार, तोच म्हणाली, थांब, चार लिही.
तो गेल्यापासून चार.

दहाव्यावर कुणी दार उघडलं नाही.
अकराव्यावर कुत्रं.

बाराव्यावर बोंडो काकुलिया,
सोखुमीहून लढाईत निघालेला, बायको आणि एक पेटी घेऊन.
संध्याकाळ झाली होती. ये म्हणाला, दिवा लावतो,
आणि दाराच्या डाव्या भिंतीवर हात फिरवला.
कोरी भिंत. दोन थापट्या.
मग थांबला. मग उजवीकडे.
बटण उजवीकडे होतं, उजवीकडेच आहे, तीस वर्षं.
डावीकडे बटणाच्या उंचीवर तळव्याएवढा तेलकट डाग.
नुनू दर ईस्टरला त्यावर चुना मारते
आणि मे संपायच्या आत तो पुन्हा उमटतो.
"वायरमन म्हणाला होता, अर्ध्या तासात हलवतो."
"मग?"
"मग काय. चहा पाजला आणि पाठवून दिला."
नुनू स्वयंपाकघरातून म्हणाली,
चहाही त्याच्या हातून आधी डावीकडेच शोधला गेला.
बोंडो हसला नाही. भिंतीकडे बघत होता,
जरा वेळानं दिवा लागेल, असं.

फॉर्म उलटसुलट केला. याला आकडा नव्हता.
शेवटी एक रकाना : इतर शेरा. एक ओळ जागा.
मी समासात वळले, मग पाठीमागे,
मग पुढच्या माणसाच्या फॉर्मवर.
शुक्रवारी साहेब सगळ्याची सरासरी काढतील.

उतरायला फुकट असूनही जिन्यानं उतरले.
अंधार झालेला. सहाव्यावरचा बल्ब कुणीतरी नेलेला,
हे मला आता ठाऊक होतं, पाय जपून पडले.
पाचव्याच्या खाली, वळणावर,
फॉर्मांची पिशवी या हातातून त्या हातात गेली.
मी कुठे ठरवलं होतं?