एकाच पिशवीत

कुताइसीत, पुलाजवळच्या माझ्या औषधाच्या दुकानात
म्झेविनार दर महिन्याला यायची,
भुवयांवर पीठ घेऊन.
एक चिठ्ठी मेंदूच्या डॉक्टरांची :
लॅमोट्रिजिन, सकाळ-संध्याकाळ.
दुसरी नदीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंची :
पाळणा लांबवायच्या गोळ्या,
एकवीस दिवस, मग सात दिवस सुट्टी.
दोन्ही मीच काढून दिल्या.
एकाच पिशवीत. वर गाठही मारली.

पाच वर्षं तिला फिट आली नव्हती.
मार्चमध्ये आली, भट्टीपाशी.
मातीची विहीरच ती, तळाशी निखारे,
पाव थापायला अर्धं अंग आत घालावं लागतं.
झुराबने तिला एप्रनच्या गाठीला धरून
मागे खेचलं.
ती गाठ पक्की होती.

डॉक्टर म्हणाले, जागरण झालं असेल.
सासू म्हणाली, उपास.
मी म्हणाले, ताण.
काहीतरी म्हणायचंच असतं.

म्झेविनारने पिठाच्या गोणीचा कागद फाडला,
कोळशाने फुल्या मारत गेली.
तीन आठवडे फुल्या.
चौथ्यात एकही नाही,
पण एक पाव थापला की दोन दिसायचे
आणि जमीन होडीसारखी हलायची.
मग पुन्हा फुल्या.
तो कागद तिने काउंटरवर पसरला,
माझी बाही काळी झाली.
"ही त्या दुसरीला खाते," म्हणाली,
"आणि हिची सुट्टी असली
की ती दुसरी माजते."

मी खोक्यातलं पत्रक उलगडलं.
सात घड्या, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.
सहाव्या घडीत सगळं होतं :
यकृत, रक्तातली पातळी, निम्म्यावर येणं.
भट्टी तेवढी नव्हती.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये,
ते दानाचं झालं.

आता ती गोळी बंद आहे,
पाळण्याचं तांब्याची तार बघते.
दोन्ही डॉक्टर एकदा बोलले,
माझ्याच फोनवरून, चार मिनिटं.
त्यातलं एक हवेबद्दल.

म्झेविनार अजून येते.
पूर्वी गरम पाव आणायची, आता आणत नाही.
पैसे देण्याआधी खोकं उघडते,
पत्रक काढून माझ्यासमोर ठेवते.
"मोठ्याने," म्हणते.

मागे रांग असते.
मी चष्मा लावते,
पहिल्या घडीपासून वाचते.